गॅचामन क्राउड्स – हिरोंची गरज नाही म्हणता, मग हाजिमे कोण?

रानवारा

दोन्ही सीझनचा शेवट या धाग्यात फुटणार आहे, तेव्हा ज्यांना कोऱ्या मनाने बघायचंय त्यांनी आधी बघून यावं. एकूण पंचवीसेक एपिसोड आहेत, दिवाळीच्या सुट्टीत आरामात होतात.

तर गॅचामन क्राउड्स. मूळ गॅचामन ही तात्सुनोको स्टुडिओची १९७२ ते १९७४ मधली सिरीयल, केन नावाच्या म्होरक्याची पाच जणांची टीम, पक्ष्यांसारखे पोशाख, मनगटावरच्या कड्याने रूप बदलायचं आणि गॅलॅक्टर नावाच्या संघटनेशी लढायचं, १०५ एपिसोड. २०१३ मध्ये त्याच स्टुडिओने केन्जी नाकामुरा या दिग्दर्शकाकडे हे नाव सोपवलं आणि त्याने जुन्यातली चार नावं ठेवून बाकी सगळं बाजूला सारलं. पहिला सीझन २०१३ चा, १२ एपिसोड, दुसरा 'इनसाइट' २०१५ चा.

मला यातला प्रश्न फार म्हणजे फार आवडला, उत्तर पटलं नाही, आणि ते का पटलं नाही हे मांडायला हा धागा काढतोय.

प्रश्न असा की प्रत्येकाच्या हातात फोन असताना सुपरहिरो हवेतच कशाला? तोक्योच्या पश्चिमेला तचिकावा नावाचं शहर आहे, तिथे गॅचामन लपूनछपून काम करतात, मेस नावाच्या परग्रहावरच्या गोष्टींना मारतात, आणि लोकांना हे लोक आहेत हेही माहीत नाही. त्याच शहरात रुई निनोमिया नावाचा मुलगा गॅलॅक्स नावाचं नेटवर्क चालवतो, मदतीला एक्स नावाची एआय. कुणाला काही अडचण आली की एक्स जवळच्या माणसाला कळवते, तुम्ही डॉक्टर आहात, शेजारच्या गल्लीत कुणीतरी कोसळलंय, जाता का? गेलात तर पॉइंट मिळतात. रुईचं म्हणणं स्पष्ट आहे की हिरो असले की लोक हातावर हात ठेवून वाट बघत बसतात, म्हणून हिरो नकोत, जग अपडेट करायचं तर सगळ्यांनी मिळून. पण त्याच्याकडे अजून एक गुपित आहे, क्राउड्स. निवडलेल्या शंभर माणसांची मनं बाहेर काढून त्यांचे जाडजूड पुतळे चालवायची ताकद, आणि ती त्याला दिलीय बर्ग कात्झेने, ज्याला फक्त सगळं जळताना बघायचंय.

बोगदा कोसळतो तो एपिसोड आठवा. माझ्या मते सगळ्या सीझनमधला सर्वात चांगला. तिथे तलवार चालवून उपयोग नाही, मारायला कुणी नाहीच. रुईचे क्राउड्स दगड उपसतायत, गॅचामनही तिथे पोचतात, आणि पहिल्यांदा हे दोन विचार एकाच ढिगाऱ्यावर समोरासमोर येतात. कोण बरोबर हे तिथे कुणी सांगत नाही, आधी माणसं बाहेर काढतात. असं लिहायला हिंमत लागते.

पुढे मात्र घसरण आहे. कात्झे रुईचं रूप घेतो, गॅलॅक्स पळवतो आणि क्राउड्सची ताकद जगावर चिडलेल्या लोकांना वाटतो. शहर फोडलं जातं. आता यावर उत्तर काय? रुई ती ताकद सगळ्यांनाच देऊन टाकतो, गेम करून. पॉइंट मिळतात म्हणून लाखो लोक खेळायला लागतात आणि खेळता खेळता शहर वाचतं. म्हणजे अख्खा सीझन जो प्रश्न विचारत आला की माणसं फायदा नसताना एकमेकांना मदत करतील का, त्याचं उत्तर शेवटी 'पॉइंट दिले तर करतील' असं निघालं. आणि हे कुणी मुद्दा म्हणून मांडत नाही, आनंदाने साजरं करतात. मला हे फार खटकलं. बक्षीस काढून घेतल्यावर हेच लोक काय करतील?

आणि आता हाजिमे. हाजिमे इचिनोसे, शाळकरी मुलगी, वह्या-पेनं-कात्र्यांची वेडी. पहिल्याच एपिसोडमध्ये गॅचामन निवडणारा जेजे तिच्या छातीतून तिची नोट, म्हणजे रूप बदलायची ताकद देणारी वही, काढतो, आणि ती त्या नोटचा कागद, बांधणी बघूनच हरखून जाते, यामुळे आपण गॅचामन होणार वगैरे नंतर. इथवर फार गोड. मग ती मेसला मारण्याऐवजी त्याच्याशी बोलायला जाते आणि कळतं की तो वाईट नाहीच. टीममधला सुगाने वर्षानुवर्षं ज्याला कापत आलाय त्याच्याशी बोलता येतं, हे सुगानेसाठी केवढं मोठं आहे! पण त्याला हे पचवायला एक-दोन सीन मिळतात आणि गाडी पुढे. पुढेही तेच. टीममधला पायमान घाबरतो, जो नावाचा खचतो, ओडी स्वतःला कोंडून ठेवतो, रुई हरतो, आणि प्रत्येक वेळी हाजिमे येऊन एक साधं वाक्य बोलते आणि ते बरोबर असतं. दोन सीझनमध्ये ही मुलगी एकदाही खऱ्या अर्थाने चुकलेली मला दिसली नाही.

हिरो नकोत म्हणणारी सिरीयल आणि तिच्या मधोमध अशी एक व्यक्ती जिला सगळं आधीच कळलंय. याला हिरो नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? उलट जुना केन परवडला, तो निदान पाखरासारखा पोशाख घालून मी हिरो आहे असं सांगून यायचा.

दुसऱ्या सीझनबद्दल खाली लिहितो, आधी कुणी बघितलंय का ते सांगा.

ताकभात

मी फक्त पहिल्या सीझनचे चार एपिसोड बघून सोडून दिली होती, हाजिमेचा आवाज आणि ते सारखं उड्या मारत बोलणं झेपेना. तुमचं वाचून परत लावावीशी वाटतेय. स्पॉयलर वाचले तरी मला फरक पडत नाही, लिहा.

पिवळी छत्री

मी जुन्या गॅचामनची माणूस आहे, त्यामुळे जरा जुन्याबद्दल.

रानवारा, 'चार नावं ठेवून बाकी सगळं बाजूला सारलं' हे पूर्ण खरं नाही. जुन्यात बर्ग कात्झे हा गॅलॅक्टरचा सेनापती, वेषांतर करण्यात पटाईत, पुढे कळतं की जन्माआधीच जुळी भावंडं एक होऊन तयार झालेला तो जीव आहे, कधी बाई कधी पुरुष. नव्यात तो कुणालाही ओठांनी शिवून त्याचं रूप घेतो. म्हणजे जुन्यातलंच बीज आहे, फक्त आता तो कुठल्या संघटनेसाठी काम करत नाही, त्याला कुणावर राज्यही करायचं नाही. आणि जुन्यात कात्झेच्याही वर जो मालक असतो त्याचं नाव एक्स! पडद्यावरून हुकूम सोडणारा. नव्यात एक्स ही रुईला जीव लावणारी एआय. पडद्यामागचा हुकूमशहा आणि पडद्यातून मदत करणारं अ‍ॅप, या दोघांना मुद्दाम एकच नाव दिलंय. हे मला फार हुशारीचं वाटलं, आणि थोडं भीतीदायकही, कारण कात्झेच्या हातात गेल्यावर तीच यंत्रणा परत हुकूम सोडायला लागते.

जो या पात्राबद्दल मात्र वाईट वाटतं. जुन्याच्या शेवटी जो जे भोगतो ते बघून लहानपणी ज्यांनी डोळे पुसले त्यांना विचारा. नव्यात त्याला नगरपालिकेत नोकरी करणारा, आतून विझलेला माणूस केलाय, कल्पना झकास आहे, ज्या मुलाला त्याने वाचवलं तो सुगाने त्याला अजून देव मानतो आणि याला स्वतःचाच कंटाळा आलाय. यावर तीन एपिसोड निघाले असते. मिळतं काय, कात्झेकडून एकदा मार.

मुक्काम सैतामा

मी तोक्योच्या शेजारी राहते, कामासाठी तचिकावाला जाणं होतं म्हणून थोडं तिथलं सांगते, कारण ही जागा उगाच निवडलेली नाही असं मला वाटतं.

सिरीयलमध्ये शहराच्या डोक्यावरून जाणारी मोनोरेल दिसते ती तशीच आहे. स्टेशनच्या उत्तरेला भलंमोठं शोवा स्मारक उद्यान आहे, ती जागा आधी अमेरिकन हवाई तळाची, १९७७ ला परत मिळाली, उद्यान १९८३ ला उघडलं. आणि १९५० च्या दशकात त्या तळाची धावपट्टी वाढवायला शेजारच्या सुनागावा गावातले शेतकरी आडवे आले, त्यांच्याबरोबर विद्यार्थी, कामगार संघटना, आणि शेवटी ती धावपट्टी वाढलीच नाही. सुनागावा आता तचिकावाचाच भाग आहे. सिरीयलमध्ये याचा उल्लेख कुठे येत नाही, पण साधी माणसं एकत्र आली की काय होतं हे ज्या शहराने खरोखर बघितलंय तिथेच ही गोष्ट घडते. शिवाय मोठा भूकंप होऊन मध्य तोक्यो बंद पडलं तर सरकारने जिथून काम करायचं ते आपत्कालीन केंद्रही तचिकावातच आहे.

आणि काळ बघा. मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी, फोन लागत नव्हते तेव्हा लोक ट्विटरवरून एकमेकांना शोधत होते, पाणी कुठे मिळेल, कुठली शाळा उघडी आहे हे तिथे कळायचं, आणि खोट्या अफवाही तिथूनच. लाइन हे अ‍ॅप त्याच वर्षी जूनमध्ये आलं. मग डिसेंबर २०१२ मध्ये सासागो बोगद्याचं छत कोसळून ९ माणसं गेली. सात-आठ महिन्यांनी टीव्हीवर बोगदा कोसळल्याचा एपिसोड आला तेव्हा इथल्या लोकांना काय आठवलं असेल ते वेगळं सांगायला नको. म्हणून पहिल्या सीझनचा तो आशावाद मला भाबडा नाही वाटत. लोकांनी एकमेकांना खरंच मदत केली होती, पॉइंट न घेता.

रानवारा

मुक्काम सैतामा, सुनागावाचं मला अजिबात माहीत नव्हतं, खूप आभार. पण तुमच्या शेवटच्या वाक्यानेच माझा मुद्दा पक्का होतो की! लोकांनी पॉइंट न घेता मदत केली होती, मग सिरीयलला शेवटी गेम का आणावा लागला?

पिवळी छत्री, एक्सचं अगदी बरोबर.

आता दुसरा सीझन. इनसाइटमध्ये पहिल्या सीझनचं उत्तर स्वतः लेखकांनीच उलटं तपासायला घेतलंय, आणि त्यासाठी मी त्यांना मानतो. आता क्राउड्स सगळ्यांकडे आहेत, घराघरात. मग रिझुमू नावाचा कॉलेजातला मुलगा लाल क्राउड्स घेऊन येतो आणि म्हणतो, ही ताकद या माणसांना पेलणारच नाही, ही सगळी माकडं आहेत. रुईकडे याला उत्तर नसतं. त्याच वेळी नागाओकाला गेलसाद्रा नावाचा परग्रहवासी उतरतो आणि फटाके बनवणाऱ्या घरातल्या त्सुबासा नावाच्या मुलीची त्याच्याशी गट्टी जमते. गेलला, म्हणजे या गेलसाद्राला, माणसांच्या डोक्यावर त्यांचं मन दिसतं, कॉमिक्समध्ये बोलण्याचे फुगे असतात तसे रंगीत ढग, प्रत्येकाचा रंग वेगळा. त्याला सगळे रंग एक झाले की छान वाटतं. त्याचा हेतू वाईट नाही, सगळ्यांनी भांडू नये एवढंच त्याला हवंय. तो लोकांचे ढग स्वतःत ओढून घेतो, लोकांना हलकं वाटतं, ते त्याला फोनवरून मतं देऊन थेट पंतप्रधान करतात. मग प्रत्येक गोष्टीवर फोनवर मत. हो की नाही, हो की नाही. आणि मग त्या एकमतातून गुबगुबीत, हसऱ्या चेहऱ्याचे प्राणी जन्माला येतात, लोकांना ते फार आवडतात, आणि ज्याचा सूर वेगळा लागतो त्याला ते गिळून टाकतात.

जे गिळले जातात त्यांची आठवण काढायलाही कुणी धजत नाही, कारण आठवण काढली की आपलाही सूर वेगळा लागणार. शेजारी दिसेनासा झालाय आणि बाकीचे हसत हसत चहा पितायत, हे बघताना माझ्या अंगावर काटा आला.

अंगणवाडी रोड

तुम्ही हे लिहिलंत म्हणून राहवलं नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली प्रत्येक गोष्टीचा पोल असतो. मध्ये एका वयस्कर बाईंनी पाण्याच्या टाकीबद्दल पोलच्या विरुद्ध मत दिलं, तिचं म्हणणं चूक की बरोबर ते राहू दे, पण ९० टक्के हिरवे अंगठे दिसल्यावर तिला ग्रुपवर कुणी उत्तरही देईना, काही दिवसांनी त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. कुणीही त्यांना वाईट बोललं नव्हतं, सगळे अगदी सभ्य. इनसाइट बघताना मला सारख्या त्या आठवत होत्या. आणि मीही तेव्हा अंगठाच दाबला होता, टाकीबद्दल काही माहिती न काढता. म्हणून माझ्यासाठी ही सिरीयल जपानपुरती राहिली नाही.

मुक्काम सैतामा

इनसाइट आलं तेव्हाचा इथला उन्हाळा सांगितला पाहिजे. जुलै ते सप्टेंबर २०१५, नेमके तेच महिने ज्यात जपानी सैन्याला परदेशात लढायची मुभा देणाऱ्या सुरक्षा विधेयकांवरून संसदेसमोर रोज निदर्शनं चालू होती, कॉलेजची मुलंमुली रस्त्यावर. १९ सप्टेंबरला कायदे झाले, सिरीयलचे शेवटचे एपिसोड त्याच्या आगेमागेच. मतदानाचं वय १८ करणारा कायदा त्याच जूनमध्ये झाला होता. त्याआधी २०१३ च्या उन्हाळ्यात, पहिला सीझन सुरू होत असताना, निवडणुकीचा प्रचार इंटरनेटवर करायला पहिल्यांदा परवानगी मिळालेली निवडणूक झाली. दोन्ही सीझन आपापल्या उन्हाळ्यात अगदी घट्ट रुतलेले आहेत.

आणि नागाओका! १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री साडेदहाला त्या शहरावर बॉम्बहल्ला सुरू झाला, जवळजवळ दीड हजार माणसं गेली. तिथली आतषबाजी दरवर्षी २ आणि ३ ऑगस्टला असते, आणि १ तारखेला रात्री साडेदहाला फक्त पांढरे फटाके उडवतात, गेलेल्यांसाठी. त्सुबासाचं घर फटाके बनवणारं असणं आणि घरात युद्ध बघितलेले पणजोबा असणं, हे जपानी प्रेक्षकाला लगेच पोचतं. ते पणजोबा तिला सांगतात की तेव्हाही सगळे एकाच सुरात होते, आम्हीही वाहवत गेलो. तिथे कुठला राक्षस नाही, परग्रहवासी नाही. माझ्या मते दोन्ही सीझनचा गाभा त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात आहे.

मधलीसुट्टी

रानवारा, हाजिमेवर तुम्ही अन्याय करताय. मी तिची वकील.

एक, ती कुणाला 'असं कर' म्हणून सांगतच नाही. ती विचारते. तुला काय वाटतं? का वाटतं? कात्झेला सुद्धा हेच विचारते. त्सुबासाला तिने कितीदा तरी म्हटलं की तू स्वतः विचार कर, आणि त्सुबासाला त्याचा राग येतो कारण तिला सरळ उत्तर हवंय. तुम्हालाही सरळ उत्तर हवंय आणि हाजिमे ते देत नाही, मग तुम्ही म्हणता तिला सगळं कळलंय.

दोन, ती एकटी काही करतच नाही. बोगद्याच्या वेळी आठवा, महापौर, अग्निशमन दलाचे प्रमुख, बालवाडीच्या बाई, ही सगळी मंडळी तिच्या कोलाजच्या ग्रुपातली. ती वह्या कापून चिकटवायला जमलेली माणसं आहेत! संकट आलं तेव्हा ओळख आधीपासून होती म्हणून काम झालं. अ‍ॅपने नाही झालं, ओळखीने झालं. तुमच्या 'पॉइंट दिले तरच' या तक्रारीला सिरीयलने तिथेच उत्तर दिलंय आणि तुम्ही ते बघून पुढे गेलात.

चित्रखुणा

कथेवर सगळेच बोलतायत, मला चित्रांवर बोलायचंय.

नाकामुराचं 'मोनोनोके' २००७ चं, ज्यांनी बघितलंय त्यांना माहितेय की हा माणूस कागदाचा पोत, छापील नक्षी, सपाट रंग यांच्यावर किती प्रेम करतो. क्राउड्समध्येही शहर असंच आहे, भिंती, आकाश, गॅलॅक्सच्या आतली ती दुनिया, सगळं डोळ्यांना ताजं वाटतं. पण गॅचामन रूप बदलले की एकदम कॉम्प्युटरवर केलेले थ्रीडी सूट! पहिल्या सीझनमध्ये तरी हालचाल अवघडलेली आहे, वजनच जाणवत नाही. रूपांतर हा अशा सिरीयलचा सणच असतो ना, तेच फुटेज दर आठवड्याला परत बघायला मुलं टीव्हीसमोर बसतात, आणि इथे तो सण उरकल्यासारखा आहे. ताकु इवासाकीचं संगीत नसतं तर ते सीन मी पळवले असते, ते मात्र काय वाजतं! अंगात शिरतं.

क्राउड्सचे पुतळे पण थ्रीडी, पण तिथे ते शोभतं, कारण ते माणसाचं रिकामं खोकं आहे, चेहरा नाही, ओळख नाही.

दुसरी तक्रार. टीममधल्या उत्सुत्सुला अख्खा वेळ बिकिनीत का ठेवलंय? स्पर्शाने जीव देऊ-घेऊ शकते म्हणून कुणाला हात लावायला घाबरणारी मुलगी, स्वतःत मिटलेली. अशी मुलगी अंगभर कपडे घालेल, हातमोजे घालेल. पोशाखाने पात्राच्या बरोबर उलट बोलायचं, हे कुणासाठी केलंय ते कळतंच. हाजिमेच्या बाबतीतही कॅमेरा जिथे रेंगाळतो तिथे रेंगाळायची गरज नव्हती. रुईच्या कपड्यांबद्दल मात्र शंभर पैकी शंभर, मुलींचे कपडे घालतो, त्यावर कुणी विनोद करत नाही, कुणी कारण विचारत नाही.

ताकभात

चित्रखुणा +१, उत्सुत्सुमुळेच मी घरच्यांसमोर बघू शकले नव्हते. आता सहाव्या एपिसोडपर्यंत आलेय, बोगदा झाला, मधलीसुट्टीचा कोलाज ग्रुपचा मुद्दा वाचूनच बघितला आणि तो एकदम पटला.

रानवारा

मधलीसुट्टी, कोलाज ग्रुपचा मुद्दा दमदार आहे, पहिल्या सीझनचा पूर्वार्ध मी तुम्हाला देऊन टाकतो. पण मग शेवटाला तेच का नाही केलं? लाखो लोकांना गेममध्ये ओढलं तेव्हा त्यांची एकमेकांशी काय ओळख होती?

आणि इनसाइटचा शेवट घ्या, माझी खरी तक्रार तिथे आहे.

लोकांचं मन फिरतं. ज्या गेलला डोक्यावर घेतलं त्यालाच आता मारा म्हणतात, तेही एका सुरात. मग गॅचामन सगळ्यांसमोर, थेट प्रक्षेपणात, गेलला मारतात. बेदम. तो उलटून मारत नाही. लोक आधी ओरडतायत, मग गप्प होतायत, मग कुणीतरी पुरे म्हणतं, कुणाला बघवत नाही. हा सीन लांबवलाय आणि बरं केलंय, बघणाऱ्यालाही सुटका नाही, आपणच बसून बघतोय ना. पण मार खाणारा गेल नव्हताच. गेलच्या रूपात हाजिमे होती, आणि ती शेवटी बेशुद्ध पडते.

आता सांगा. लोकांनी स्वतःच्या डोक्याने विचार करावा यासाठी त्यांना जे दाखवलं ते खरं नव्हतं. एकीने ठरवलं की लोकांना काय दिसलं म्हणजे ते थांबतील, आणि तसं घडवून आणलं. लोक थांबले, हाजिमेचा अंदाज परत एकदा बरोबर. गेल लोकांच्या मनातलं न विचारता ओढून घ्यायचा, हाजिमेने न विचारता त्यांच्या मनात काहीतरी घातलं. हेतू दोघांचाही चांगला. मला यात फार फरक दिसत नाही, आणि सिरीयलमधला कुणीही हा प्रश्न विचारत नाही. त्सुबासाने विचारायला हवा होता. तिच्या पणजोबांनी तर नक्कीच.

मधलीसुट्टी

फरक आहे, मोठा आहे. मार कुणी खाल्ला? गेलने लोकांचा रंग घेतला तेव्हा लोकांनी काहीतरी गमावलं. हाजिमेने जे केलं त्यात गमावलं फक्त तिने. कुणाला तरी मारायचंच असेल तर मला मारा, पण मारताना नीट बघा, एवढंच ती म्हणतेय. आणि त्यानंतर लोकांनी काय करायचं हे तिने ठरवलंच नाही, ती बेशुद्ध आहे! नंतरचं मत लोकांनी थांबून, विचार करून दिलं, तेव्हा ती खोलीत नाही. ज्याला सूत्रं हातात ठेवायची असतात तो असा निघून जात नाही.

पिवळी छत्री

स्वतः मार खाऊन सगळ्यांना जागं करणारी, तीही पोशाख आणि रूपांतर असलेली. मधलीसुट्टी, तुम्ही ज्या शब्दांत बचाव करताय तेच तर हिरोचं वर्णन आहे. जुन्यातला जो याच्याहून वेगळं काय करतो? मला त्यात काही वावगं वाटत नाही, मला हिरो आवडतात. फक्त मग 'हिरो नकोत' ही पाटी उतरवा.

आणि रुईकडे बघा. हिरो नकोत म्हणणारा तोच पुढे जेजेकडून नोट घेतो आणि गॅचामन होतो. दुसऱ्या सीझनमध्ये त्याला यावरून कुणी धारेवर धरतं का? रिझुमू धरतो थोडंफार, आणि म्हणूनच रिझुमूचे सीन मला सगळ्यात जास्त जिवंत वाटले.

अंगणवाडी रोड

मला मधलीसुट्टी आणि रानवारा दोघांचंही अर्धं पटतं. हाजिमेला फसवणूक करावी लागली कारण त्या क्षणी दुसरं काही लोकांपर्यंत पोचलंच नसतं, सगळे फोनमध्ये. पण ते एकदाच चालतं. पुढच्या वेळी लोक म्हणतील, हाही खेळ असेल. त्या पुढच्या वेळेचं काय, हे सिरीयलने दाखवलं नाही आणि तिसरा सीझन कधी आला नाही.

कात्झेबद्दल कुणी बोलत नाहीये. दुसऱ्या सीझनमध्ये तो हाजिमेच्या छातीत राहतो, आतून टोमणे मारत असतो आणि ती त्याच्याशी गप्पा मारते, हे पहिल्या सीझनच्या शेवटी झालं कधी? मला वाटलं माझा एपिसोड राहिला.

चित्रखुणा

राहिला नाही, टीव्हीवर दाखवलंच नव्हतं. पहिल्या सीझनचा बारावा एपिसोड टीव्हीवर एकदम तुटल्यासारखा संपला, कात्झेचं काय झालं हेच नाही. डिस्क काढली तेव्हा त्यात लांब केलेला शेवट होता, त्यात हाजिमे कात्झेला भेटते, त्याच्याशी बोलते आणि त्याला स्वतःच्या आत सामावून घेते. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा सीन विकत घेणाऱ्यांनाच मिळाला, हा प्रकार मला अजिबात आवडला नाही. बघाल तर बारावा त्या लांब रूपात बघा, मग दुसऱ्या सीझनचा शून्य क्रमांकाचा एपिसोड, तो वगळू नका, आणि मग पहिला.

रानवारा

चित्रखुणा, हा क्रम वर पहिल्याच पोस्टमध्ये टाकतो.

आणि तो लांब शेवट बघूनच माझं हाजिमेबद्दलचं मत जरा हललं होतं, हे मान्य करतो. द्वेष करणाऱ्याला मारलं नाही, हाकललं नाही, आयुष्यभर आत बाळगलं, रोज त्याचं ऐकून घेते आणि तरी त्याचं ऐकत नाही. पॉइंटवाल्या शेवटापेक्षा हे कितीतरी खरं आहे. पण मग तिला ते जड जाताना दाखवा ना. एखाद्या रात्री तिला झोप लागली नाही, कात्झेचं एखादं वाक्य बरोबर वाटलं, असा एक सीन. पंचवीस एपिसोडमध्ये एक. तो दिला असता तर मधलीसुट्टीशी मी भांडलोच नसतो.

मधलीसुट्टी

इनसाइटच्या उत्तरार्धात ती गप्प होत जाते ते बघा परत. पहिल्या सीझनमध्ये उड्या मारणारी मुलगी कितीतरी वेळ नुसती बसून बघत असते, बाकीचे काहीबाही बोलतात आणि ती उत्तर देत नाही. मला तिथे ते ओझं दिसलं. तुम्हाला नसेल दिसलं तर आठव्या-नवव्यापासून परत लावा, घाई नाही, धागा इथेच आहे.

ताकभात

मी नववा बघून येते, तोवर शेवटच्या मतदानाचा निकाल कुणी लिहू नका.